पहिली २९ इंची हार्डटेल : कोल्हापुरातल्या रस्त्यांसाठी आणि माळांसाठी परवडणारी कशी निवडावी?

कळंबाकाठ

नमस्कार. गेली सहा वर्षे मी २६ इंची चाकांची बिनगिअरची सायकल वापरतो आहे. घर कळंब्याला आणि नोकरी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे आठवड्यातले चार दिवस तिच्यावरच कामाला जातो, आणि रविवारी कात्यायनीपर्यंत किंवा फार तर जोतिबाच्या पायथ्यापर्यंत मजल मारतो. आता पन्हाळा चढायचा आहे, मसाई पठारावरच्या बैलगाडीच्या वाटेने जायचे आहे आणि सासुरवाडीला राधानगरीकडे गेल्यावर उसाच्या फडांमधल्या पाणंदी पालथ्या घालायच्या आहेत. त्यासाठी मोठ्या चाकांची, पुढे शॉकअप आणि मागे साधा सांगाडा असलेली हार्डटेल सायकल घ्यावी असे ठरवले आहे. सगळे मिळून बजेट ३०,००० रुपये आहे आणि हेल्मेट, दिवे, पंप त्यातच बसवायचे आहेत. माझी उंची १६८ सेंटीमीटर, वजन ७८ किलो.

आतापर्यंत तीन सायकली पाहिल्या. पहिली १६,५०० रुपयांची, लोखंडी सांगाड्याची, २१ गिअर आणि दोन्हीकडे तारेचे डिस्क ब्रेक असलेली. दिसायला तिन्हींत ती सर्वांत देखणी आहे. दुसरी २८,००० रुपये सांगितलेली, अॅल्युमिनियमची, पुढे तीन आणि मागे आठ गिअर, तेलाचे डिस्क ब्रेक आणि सनटूर एक्ससीएम जातीचा १०० मिलिमीटर शॉकअप. तिसरी जुनी, दोन वर्षे वापरलेली, एका नावाजलेल्या परदेशी ब्रँडची; पुढे एकच चक्र आणि मागे नऊ, पण सांगाडा १९ इंची आहे आणि मालक २७,००० च्या खाली यायला तयार नाही.

एका दुकानदाराने २९ इंची चाक सहा फुटी माणसालाच शोभते असे सांगितले, तर दुसऱ्याने मापाची काळजी करू नका, सीट खाली घेतली की झाले, असे सांगितले. दोघेही अगदी ठामपणे बोलत होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यपायवाट

कळंबाकाठ, सगळी माहिती आधीच दिलीत हे बरे झाले. चाकापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्याच्याबद्दलच असतो.

२९ इंच हे रिमचे माप नव्हे. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो आणि रेसिंग सायकलच्या ७०० सी चाकाचाही तो तेवढाच असतो. त्याच रिमवर सव्वादोन इंची जाड टायर चढवला की बाहेरून साधारण २९ इंच भरतात, म्हणून ते नाव पडले. २७.५ इंचीचा हाच व्यास ५८४ आणि २६ इंची माउंटन बाइकचा ५५९ असतो. टायरच्या कडेला ५७-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्यातला पहिला जाडीचा आणि दुसरा या व्यासाचा. विक्रेता काहीही म्हणो, तो आकडा वाचावा.

वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये नॅनोरॅप्टर हा पहिला खराखुरा २९ इंची डोंगरी टायर काढला आणि माउंटन बाइकच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले गॅरी फिशर यांनी या चाकाचा हिरिरीने पुरस्कार केला, तरी शर्यतीतली मंडळी पुढे कित्येक वर्षे २६ इंचीलाच धरून होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीचे सुवर्णपदक यारोस्लाव कुल्हावी यांनी २९ इंची चाकांवर जिंकले; रौप्यपदक मिळवणारे निनो शुर्टर २७.५ इंचीवर होते. तेव्हा दोन्ही चाकांवर उत्तम सायकल चालवता येते, आणि प्रश्न उरतो तो आपल्या वाटेचा.

आपल्याकडच्या पठारांवर जांभा दगड आहे. त्याच्या वितीएवढ्या पायऱ्या, खळगे आणि सुटे गोटे यांवर मोठे चाक खरोखर उपयोगी पडते, कारण दगडाच्या कडेला ते उथळ कोनात भिडते आणि अडखळण्याऐवजी वर चढते. बदल्यात चाक जड होते, थांबून पुन्हा वेग घ्यायला थोडे जास्त बळ लागते आणि अरुंद वळणावर सायकल किंचित आळशी वाटते. तुम्ही सांगितलेल्या वाटा पाहता हा सौदा फायद्याचा आहे.

आता माप. १६८ सेंटीमीटर उंचीला २९ इंची चाक व्यवस्थित चालते, फक्त सांगाडा मधल्या मापाचा, म्हणजे बहुतेक कंपन्यांचा १७ इंची, हवा. सीट खालीवर करून पायांचे अंतर जुळते. हँडलपर्यंतचे अंतर सीटने जुळत नाही, आणि पाठ, मनगटे व मान दुखतात ती त्याच अंतरामुळे. दुसऱ्या दुकानदाराचा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. तुमची तिसरी सायकल कितीही नामांकित असली तरी १९ इंची सांगाडा तुमच्यासाठी नाही. त्या सायकलीचा विचार इथेच सोडून द्या.

उद्यमनगरचा लेथ

सह्यपायवाट यांच्याशी मी सहमत आहे, पण ज्या गोष्टीकडे दुकानात कोणीच पाहत नाही ती इथे सविस्तर सांगतो, कारण तिने मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. ती गोष्ट म्हणजे मागचा हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमधचा, ज्यात एक्सल (आस) बसतो तो भाग.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या पहिल्या सायकलीसारखीच एक सायकल घेतली होती. २१ गिअर, डिस्क ब्रेक, भपकेबाज रंग. पाचव्या महिन्यात केर्लीच्या पुढे एका शेतवाटेवर, अगदी साध्या बांधावरून उतरताना, मागून ‘कट’ असा आवाज आला आणि चाक सांगाड्याला घासू लागले. एक्सल उजव्या बाजूला आतल्या आत तुटला होता. सायकल खांद्यावर घेऊन मी डांबरी रस्त्यापर्यंत आलो. दुकानदाराने वजन जास्त असल्याचे कारण सांगून वॉरंटी नाकारली. माझे वजन तेव्हा ७४ किलो होते.

माझा धंदाच लेथचा. मला वाटले, माल हलका असणार. आपण चांगला करू. ईएन ८ पोलादाचा १० मिलिमीटरचा एक्सल काढला, आटे पाडले, बसवला. तो तुटला नाही, पण दोन महिन्यांत उजवीकडचा कोन, म्हणजे बेअरिंगचे छर्रे ज्यावर फिरतात तो एक्सलवरचा निमुळता नट, खड्डे पडून गेला. नवा कोन, नवे छर्रे, पुन्हा ग्रीस; पुन्हा दोन-अडीच महिन्यांत तेच. तेव्हा हब टेबलावर खोलून नीट मोजमाप घेतले आणि दोष मालात नसून रचनेत आहे हे लक्षात आले.

जुन्या पद्धतीच्या हबवर गिअरांचा सगळा गुच्छ, म्हणजे फ्रीव्हील, बाहेरून आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. सात गिअरांचा गुच्छ हबच्या बाहेर आल्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत, आऱ्यांच्या चकतीजवळ राहते, आणि तिथून सांगाड्यापर्यंत तीन-चार सेंटीमीटर एक्सल कोणत्याही आधाराशिवाय लोंबकळतो. प्रत्येक खड्ड्यात तो तिथेच वाकतो. पोलाद बदलून त्याची ताकद वाढते, म्हणजे तुटण्याची वेळ पुढे जाते. पण कोणतेही पोलाद घेतले तरी त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो, म्हणून वाकणे काही थांबत नाही आणि त्या वाकण्याने कोन खाल्ला जातो. कॅसेटच्या, म्हणजे चक्रांचा गुच्छ हबवर नुसता सरकवून बसवायच्या नव्या पद्धतीच्या, हबमध्ये कुत्र्यांची, म्हणजे एकाच दिशेला अडवणाऱ्या छोट्या खिट्ट्यांची, यंत्रणा हबच्याच भागात असते आणि उजवे बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाला, सांगाड्याजवळ बसते. लोंबकळणारा भागच उरत नाही.

हे दुकानात ओळखणे सोपे आहे. मागच्या सर्वांत लहान चक्राच्या मध्यभागी हत्यार बसवायच्या खाचा दिसतील. चक्रे हाताने उलटी फिरवा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट. चक्रे फिरताहेत आणि खाचा जागीच आहेत असे दिसले तर ते फ्रीव्हील. शहरातल्या सपाट रस्त्यासाठी फ्रीव्हील काही वाईट नाही, माझ्या वडिलांनी आयुष्यभर वापरले. पण ७८ किलो वजन, मसाई पठार आणि फ्रीव्हील हे गणित जुळणारे नाही.

तसेच मागचा डिरेल्यर, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, कशाला टांगला आहे तेही पाहा. अॅल्युमिनियमच्या बऱ्या सांगाड्याला स्क्रूने बसवलेला, बदलता येणारा छोटा तुकडा असतो. सायकल आडवी पडली की तो वाकतो, काही शे रुपयांत नवा मिळतो आणि सांगाडा वाचतो. स्वस्त सायकलीत डिरेल्यर पत्र्याच्या पट्टीने एक्सलच्या नटाखालीच अडकवलेला असतो. असे दिसले की बाकीच्या मालाचाही अंदाज येतो.

कळंबाकाठ

लेथवाले काका, आपला प्रतिसाद वाचला आणि काल संध्याकाळी कामावरून सुटल्यावर थेट दोन्ही दुकानांत गेलो. १६,५०० च्या सायकलीची चक्रे उलटी फिरवली, तर खाचा जागच्या जागी राहिल्या आणि डिरेल्यरही पत्र्याच्या पट्टीवर होता. दुसरीत खाचा चक्रांबरोबर फिरल्या. ती आठ गिअरांची कॅसेट आहे आणि डिरेल्यर सुट्या तुकड्यावर आहे. तिचा सांगाडा १७ आणि १९ अशा दोन मापांत येतो, पण दुकानात १९ इंचीच उभी होती. तीच घेऊन जा, पुढचा माल कधी येईल ते सांगता येत नाही, असे म्हणाले. या किमतीतले गिअर आणि शॉकअप कितपत चालतात, यावरही कोणीतरी लिहावे.

वारणाकाठची

दादा, दुकानात उभी आहे म्हणून मोठ्या मापाची सायकल अजिबात घेऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझी उंची १५७ सेंटीमीटर. मला मधल्या मापाची २९ इंची सायकल ‘सवय होईल’ असे सांगून दिली गेली. सवय झाली नाही. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट मात्र तासाभराने बधिर होऊ लागले, कारण हँडल लांब पडून सगळा भार तळव्यांवर येत होता. हँडलचा दांडा आखूड केला, सीट पुढे सरकवली, तरी चढावर पुढचे चाक उचलले जाऊ लागले. शेवटी वर्षभराने ती विकली आणि लहान मापाची, २७.५ इंची चाकांची घेतली. ट्रेक मार्लिनसारख्या सायकलीत कंपनीच लहान मापांना २७.५ आणि मोठ्या मापांना २९ इंची चाक देते, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर पैसे वाचले असते. २९ वाईट नाही, पण बुटक्या माणसाच्या सांगाड्यात ते बसवताना हँडल उंच जाते आणि पुढच्या चाकाला पायाचा अंगठा लागण्याची शक्यता वाढते.

तपासण्याची रीत सांगते. घालायचेच बूट घालून वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. दांडा आणि शरीर यांत किमान दोन इंच अंतर हवे, कारण माळावर पाय टेकवायची वेळ येते तेव्हा जमीन सपाट नसते. मग सीट अशी लावा की टाच पेडलवर ठेवल्यावर सर्वांत खाली पाय सरळ होईल. त्या उंचीवर बसून दहा मिनिटे तरी चालवा. कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत आणि मान वर करून पुढे पाहताना ताण जाणवता कामा नये. दुकानदार दहा मिनिटे चालवू देत नसेल तर ती सायकल तिथून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाघबीळ

गिअरांचे मी सांगतो, कारण पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा घाट मी शेकडो वेळा चढलो आहे आणि तिथे गिअरांची संख्या कामाला येत नाही. कामाला येतो तो सर्वांत हलका गिअर.

गणित सोपे आहे. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचे आणि चाकाच्या परिघाने गुणायचे. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते मिळते. २९ इंची चाकाचा परीघ २.२९ मीटरच्या आसपास असतो. तुमच्या पहिल्या सायकलीसारख्या २१ गिअरांच्या सायकलीत बहुधा पुढचे लहान चक्र २४ दात्यांचे आणि मागचे मोठे २८ दात्यांचे असते, म्हणजे एका फेरीत १.९६ मीटर. आठ गिअरांच्या सायकलीला पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर १.४८ मीटर. तुम्ही पाहिलेल्या जुन्या सायकलीसारखी, पुढे ३२ आणि मागे ४२ असेल तर १.७४ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर पहिल्या सायकलीवर ताशी सात किलोमीटरच्या वेगाने चढावे लागेल, दुसरीवर सव्वापाचने भागते. चढ तीव्र झाला आणि ताशी सात राखता आले नाहीत, की पेडल जड होत जाते, गुडघा कुरकुरतो आणि माणूस उतरून चालू लागतो. कोल्हापूर ते पन्हाळा वीस किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर वर जायचे आहे आणि त्यातला बहुतेक चढ शेवटच्या काही किलोमीटरांत आहे.

मोठ्या चाकाचा इथे एक तोटा आहे. तेच २४ आणि २८ दाते २६ इंची चाकावर १.७७ मीटर देतात. म्हणजे २९ इंची चाक घेतल्याबरोबर प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी जड होतो. म्हणून खरेदीच्या वेळी मागच्या मोठ्या चक्राचे दाते मोजावेत, त्याला दोन मिनिटे लागतात. सध्या पुढे एकच चक्र असण्याची पद्धत आहे आणि ती सोयीची आहे, देखभाल कमी लागते; पण या किमतीत तिच्यामुळे हलका गिअर जात असेल तर पुढची तीन चक्रे बरी, असे मी म्हणेन.

शॉकअपबाबत मात्र माझे मत इतरांना पटणार नाही. ३०,००० च्या आत मिळणारा स्प्रिंगचा शॉकअप अडीच किलोच्या पुढे जातो आणि त्याची हालचाल खडबडीत असते. एवढ्या पैशात साधा चिमटा (पुढचे चाक धरणारा, शॉकअप नसलेला फोर्क) आणि जाड टायर असलेली सायकल मिळाली तर मी तीच घेईन, कारण उरलेले पैसे चाकांत आणि ब्रेकमध्ये जातात.

सह्यपायवाट

वाघबीळ, तत्त्व म्हणून तुमचे बरोबर आहे, पण आपल्या बाजारात या किमतीत साध्या चिमट्याची, चांगल्या चाकांची २९ इंची डोंगरी सायकल दाखवा म्हटले तर दुकानात मिळत नाही. जे मिळते त्यातूनच निवडायचे आहे. एक्ससीएम हा काही उंच उड्या मारण्यासाठी बनवलेला शॉकअप नाही, परंतु गाडीवाटेवर मनगटांना तो निश्चित आराम देतो. कळंबाकाठ, त्याच्या चकचकीत दांड्याला तळाशी प्लास्टिकची बांधायची पट्टी सैलसर बांधा, सायकलवर नुसते बसा, उतरा आणि पट्टी किती वर सरकली ते मोजा. १०० मिलिमीटरच्या शॉकअपमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटर बसकण आली तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे. दहाही सरकली नाही, तर तुम्ही शॉकअपचे निव्वळ वजन वाहता आहात.

आणखी एक गोष्ट बघा. हँडलखालची सांगाड्याची नळी खाली रुंद होत गेली असेल, म्हणजे वरचे बेअरिंग लहान आणि खालचे दीड इंची असेल, तर पुढे पैसे साठल्यावर हवेचा शॉकअप बसवताना निवडीला भरपूर वाव राहतो. सांगाड्याची ही नळी नंतर बदलता येत नाही. गिअर, टायर, ब्रेक, हँडल, सगळे एकेक करून बदलता येते. सांगाडा बदलला की ती दुसरीच सायकल होते.

आणि मागेही शॉकअप असलेली वीस हजारांची सायकल कोणी दाखवली तर तिच्याकडे वळूसुद्धा नका. त्या पैशात मागची स्प्रिंग, तिच्या बिजागऱ्या आणि बाकीची सायकल, एवढे सगळे चांगल्या प्रतीचे मिळणे शक्यच नाही.

बावड्याचा पाऊस

मी गगनबावडा रस्त्यावर राहतो, म्हणजे वर्षातले चार महिने सायकल ओलीच असते. त्या दृष्टीने काही गोष्टी लिहितो.

ब्रेक तेलाचेच घ्या. स्वस्त सायकलीतल्या तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये सहसा एकच पॅड हलतो. तो चकतीला ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. जांभ्याचा ओला भुगा पॅडमध्ये गेला की तो पॉलिश पेपरसारखे काम करतो आणि स्थिर पॅड झिजत जातो तसा तो एलन कीने वारंवार पुढे आणावा लागतो. हे विसरलात तर जोतिबाच्या उतारावर लिव्हर दाबली की थेट हँडलला टेकते. शिवाय पावसात तार गंजते. तेलाच्या ब्रेकमध्ये दोन्ही पॅड सारखे पुढे येतात आणि झिजेची भरपाई आपोआप होते. शिमानो आणि टेक्ट्रो यांच्या साध्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. त्यात मोटारसायकलच्या ब्रेकचे तेल कधीही घालू द्यायचे नाही, आतले रबर खराब होते. गावातला मेकॅनिक मदत करण्याच्या भावनेने ते घालतो, म्हणून हे आधी सांगून ठेवावे.

काळ्या मातीची पाणंद पावसात टाळणेच उत्तम. ती माती टायरला थरावर थर चिकटते आणि टायर व सांगाडा यांच्यातल्या फटीत जाऊन चाकच अडवते. सायकल बघताना मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी सहज जाते का ते पाहा. उन्हाळ्यात त्याच बांधांवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, त्यामुळे एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर असू द्या. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २८ इंची ट्यूब मिळते ती जुन्या दूधवाल्या सायकलीची. त्या सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, म्हणून तिचा टायर आपल्या ६२२ च्या रिमवर बसत नाही. ट्यूब मात्र अडीअडचणीला आत घालून घरापर्यंत येता येते. मी दोनदा आलो आहे. व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

गाळप हंगामात संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर जाणार असाल तर मागचा लाल दिवा हेल्मेटइतकाच आवश्यक समजा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बाजूने जातो तेव्हा बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या नेमक्या खांद्याच्या उंचीवर असतात.

मसाई पठारावर जाल तेव्हा कृपया रुळलेल्या गाडीवाटेवरूनच सायकल चालवा. पावसाळ्यानंतर तिथल्या पातळ मातीत बोटभर उंचीची फुले आणि कीटकभक्षी वनस्पती येतात. वाट सोडून गेलेल्या एका टायरची चाकोरी तिथे वर्षभर दिसते.

कळंबाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सायकल घेतली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१७ इंची सांगाडा येईपर्यंत तीन आठवडे थांबलो. दरम्यान १९ इंचीवर १,५०० रुपये सूट देऊ केली होती, पण वारणाकाठची यांचा अनुभव वाचलेला असल्यामुळे ती नाकारली. शेवटी २६,५०० ला सौदा झाला. १,४०० चे हेल्मेट, ७०० चे दोन दिवे आणि पंप, जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, एलन कीचा संच मिळून ९०० गेले. ३०,००० पैकी ५०० शिल्लक राहिले. मागचे मोठे चक्र ३४ दात्यांचे आणि पुढचे लहान २२ चे आहे, स्वतः मोजले. हँडलखालची नळी खाली रुंद आहे. टायरवर ५७-६२२ छापले आहे. दुकानात जोडणी चालू होती तेव्हा मी शेजारीच उभा राहिलो. पुढचे चाक किंचित आऊट होते, ते माझ्यासमोर आऱ्या आवळून सरळ करून घेतले.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. शिवाजी पुलावर उजाडले, रजपूतवाडी आणि केर्ली मागे टाकून सातच्या आधी वाघबीळला पोहोचलो. घाटात सर्वांत हलका गिअर टाकला. वेग ताशी सहाच्या आसपास होता, दोन म्हाताऱ्या आजी जोतिबाला चालत निघाल्या होत्या त्यांना मी फार हळू ओलांडले, पण पाय खाली टेकला नाही. बुधवार पेठेत चहा घेतला, गडाला वळसा घातला आणि म्हाळुंग्याच्या बाजूने मसाई पठारावर चढलो. रस्त्यावर चाकांत ४५ पीएसआय हवा होती, पठारावर पुढे ३० आणि मागे ३४ केली. तेवढ्याने सायकल जांभ्यावर उड्या मारायची थांबली आणि चाके दगड धरून चालू लागली. शॉकअपला बांधलेली पट्टी बसल्यावर २१ मिलिमीटर सरकली आणि परतल्यावर ६८ मिलिमीटरवर होती. पायरीसारख्या दगडांवर पुढचे चाक कसे वर चढते ते आता समजले. माझ्या जुन्या सायकलीवर तिथे मी उतरलोच असतो.

वाघबीळ यांच्यासाठी प्रामाणिकपणे सांगतो : डांबरी चढावर शॉकअपचे वजन जाणवते. मी तो लॉक करून चढलो.

आता एक अडचण. साठ-सत्तर किलोमीटर झाल्यावर, विशेषतः उभे राहून पेडल मारताना, डाव्या बाजूने प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ असा आवाज येऊ लागला आहे. पेडल घट्ट आहे. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला लावलेले असते तो दांडा, हाताने धरून हलवली तर अगदी किंचित खेळ जाणवतो. उद्या कामावर सायकलने गेलो तर चालेल का?

उद्यमनगरचा लेथ

नाही, उद्या नेऊ नका. तुमच्या सायकलीत क्रँक चौकोनी, निमुळत्या दांड्यावर बसते आणि मधल्या बोल्टने आत ओढली जाते. नव्या सायकलीत पहिल्या शंभर किलोमीटरांत ती थोडी बसते आणि बोल्ट सैल पडतो. दांडा पोलादाचा आणि क्रँक अॅल्युमिनियमची, त्यामुळे सैल असताना चालवली तर क्रँकचे चौकोनी भोक गोल होत जाते. एकदा तसे झाले की कितीही आवळा, ती पुन्हा सैल होतेच आणि क्रँकच बदलावी लागते. तुम्ही वेळेवर विचारलेत, खेळ किंचित असेल तर अजून काही बिघडलेले नसावे.

बोल्ट काढून भोकाच्या कडा नीट पाहा, दांडा कापडाने कोरडा पुसा आणि क्रँक पुन्हा बसवून ३५ ते ५० न्यूटन मीटरवर आवळा. तुमच्याकडची लहान एलन की एवढा जोर देऊ शकणार नाही. टॉर्क पाना माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. संध्याकाळी सहानंतर सायकल ढकलत किंवा टेम्पोत घालून आणा, उजवी बाजूही त्याच वेळी तपासून घेऊ.